हिरवं दिसलं म्हणून नाचू नका

प्रौढ पेशीची नुसत्या रेणूंनी मूलपेशी (शरीरातली कोणतीही पेशी बनू शकणारी पेशी) करता येते, हे ऐकून मी या कामाकडे वळले. पहिले तीन महिने मी फक्त पेशी मारल्या.

जपानी शास्त्रज्ञ यामानाकांनी २००६ मध्ये उंदराच्या प्रौढ पेशींत चार जनुकं घालून त्यांच्या मूलपेशी केल्या होत्या, पण त्यातलं सी-मिक हे जनुक कर्करोगाशी जोडलेलं. मग २०१३ मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या डेंग होंगक्वेई यांच्या गटाने बाहेरचं एकही जनुक न घालता, सात रेणूंनी उंदराच्या पेशी मूलपेशींच्या अवस्थेकडे मागे फिरवल्या. मानवी पेशींना ते जमायला २०२२ उजाडलं. आणि यश किती, तर उंदरात जास्तीत जास्त शंभरातल्या ०.२ पेशी. हा आकडा आधी पचवा, मग काम घ्या.

रेणूंची यादी वाचून गंमत वाटते: व्हॅल्प्रोइक आम्ल फिट्सवरचं औषध, ट्रॅनिलसिप्रोमाइन नैराश्यावरचं. इथे दोन्ही डीएनएभोवतीची गुंडाळी सैल करायला मदत करतात. मला वाटलं, सगळं एकदम ओतलं की झालं. तसं नसतं. डीझेडनेप हा यादीतला रेणू सुरुवातीला नाही, मागाहून द्यायचा. सीएचआयआर हा दुसरा रेणू सुरुवातीच्या टप्प्यात १० मायक्रोमोलर (तीव्रतेचं एकक) किंवा त्याहून जास्त लागतो, शेवटच्या माध्यमात (पेशी वाढवायच्या द्रावात) मात्र ३ पुरतो. कोणता रेणू कधी काढायचा, हे कोणता घालायचा याइतकंच महत्त्वाचं.

माझी मोठी फजिती तिसऱ्या आठवड्यातली. थाळीत गोलसर, फुगीर वसाहती दिसल्या आणि मी सगळ्या लॅबला बोलावलं. मूलपेशींची खूण असलेलं नॅनॉग हे प्रथिन दिसावं म्हणून रंजन केलं (रंग चढवला) तर काहीच नाही! त्या मूलपेशी नव्हत्याच, वाटेतला मुक्काम होता. भ्रूणाबाहेरच्या अंतःस्तरासारखी (गर्भाला आधार देणाऱ्या पेशींच्या थरासारखी) ही मधली अवस्था उंदराच्या पेशींना ओलांडावीच लागते. सॉल४, गाटा४ ही जनुकं तेव्हा चालू होतात. तिथून पुढे माध्यम बदललं की काही वसाहती खऱ्या मूलपेशी होतात, बाकीच्या तिथेच राहतात. मी उत्साहात वसाहती खूप लवकर उचलल्या होत्या, त्यामुळे सगळी खेप वाया गेली.

ऑक्ट४ हे मूलपेशींचं जनुक चालू झालं की हिरव्या चमकणाऱ्या पेशी वापरत असाल तर आणखी एक सापळा. मेलेल्या पेशीही हिरव्या चमकतात. तोच ठिपका सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या रंगाच्या फिल्टरखाली बघा. तिथेही चमकला तर कचरा समजा.

टीटीएनपीबी हा यादीतला आणखी एक रेणू उजेडात खराब होतो, म्हणून अंधारात ठेवा. सगळे रेणू लहान भागांत गोठवा, पुन्हा पुन्हा वितळवू नका. नुसतं डीएमएसओ (रेणू ज्यात विरघळवतात तो द्रव) घातलेली थाळी प्रत्येक वेळी शेजारी हवीच. कंटाळा येतो, मीही दोनदा टाळली, आणि पेशी रेणूंनी मेल्या की डीएमएसओने, हे आजतागायत सांगता येत नाही.

आणि मायकोप्लाझ्माची (पेशींना गुपचूप लागणाऱ्या जिवाणूची) तपासणी पहिल्या दिवशीच करा. चाळिसाव्या दिवशी कळून काही उपयोग नाही.