गणिताच्या इतिहासाचा पेपर घेताय? या चुका टाळा

रत्नागिरीत एमएस्सीला असताना मी हा इलेक्टिव्ह घेतला, कारण वाटलं थिअरी आहे, सनावळ्या पाठ केल्या की झालं. पहिल्या इंटर्नलला वीसपैकी सात पडले. आता दरवर्षी लांजा-राजापूरकडच्या ज्युनिअर पोरी फोन करून तेच विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जुनं गणित लगेच आजच्या चिन्हांत लिहून सोडवणं. अल-ख्वारिज्मीचं उदाहरण घ्या, वर्ग आणि दहा मुळं मिळून 39. आपण लगेच क्ष² + 10क्ष = 39 लिहितो, सूत्र लावतो, 3 येतं, आणि हाती काहीच लागत नाही. नवव्या शतकात बगदादला त्याच्याकडे ना क्ष होता ना अधिकचं चिन्ह, सगळं शब्दांत. म्हणून कात्री घ्या, एक चौरस कापा, त्याच्या लगतच्या दोन बाजूंना 5 रुंदीच्या पट्ट्या लावा, कोपऱ्यात 25 चा चौरस रिकामा दिसेल. चौरस आणि पट्ट्या मिळून 39, त्यात हे 25 घातले की 64, म्हणजे मोठ्या चौरसाची बाजू 8, त्यातून 5 गेले की 3. दहावीत शिकलेली पूर्ण वर्ग पद्धत इथे डोळ्यांना दिसते, आणि उणे 13 हे दुसरं उत्तर त्याने का दिलं नाही तेही कळतं, चौरसाची बाजू उणे कशी असेल?

दुसरं, व्हॉट्सअ‍ॅपवरचं उत्तरपत्रिकेत उतरवू नका. "शून्याचा शोध आर्यभटाने लावला" एवढंच लिहिलंत तर मार्क जाणारच. शून्य आणि ऋण संख्यांचे नियम ब्रह्मगुप्ताने 628 मध्ये दिले, धन म्हणजे मालमत्ता आणि ऋण म्हणजे कर्ज असे शब्द घेऊन, जे आपण अजून वापरतो. त्याने शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य असंही म्हटलंय. तिथे "चुकला" लिहून पुढे जाऊ नका, त्याला तसं का वाटलं असेल यावर दोन ओळी लिहा, खरा इतिहास तिथेच आहे.

शके आणि इसवी सन यांचा घोळ तर मी स्वतः घातलाय. 78 मिळवायचे, शके 1442 म्हणजे 1520.

टर्म पेपरला "भारतीय गणित" असला अख्खा समुद्र घेऊ नका हो, दहा पानांत काय मावणार. आपल्याच किनाऱ्यावर मुरुड-जंजिऱ्याजवळच्या नांदगावात गणेश दैवज्ञाने 1520 मध्ये ग्रहलाघव लिहिलं, त्यात 'ज्या' (आजचा साइन) न वापरता ग्रहांची स्थानं काढायचं गणित आहे, आणि 1545 मध्ये भास्कराचार्यांच्या लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका, म्हणजे भाष्य, त्यात उपपत्ती, म्हणजे सिद्धता दिल्यात. मराठीत वाचायचं तर शं. बा. दीक्षितांचा 1896 चा भारतीय ज्योतिषशास्त्र हा ग्रंथ आहेच. ते मुरुडचे, पण दापोलीजवळच्या, ही दोन मुरुडं एक करू नका.

पावसात लाईट जाते, पीडीएफ आधीच उतरवून ठेवा.

आणि ग्रहलाघवात अडकलात तर जुन्या पद्धतीने पंचांग मांडणारं कोणी गावात आहे का बघा. आमच्या आळीतल्या भटजीकाकांनी एका दुपारी मला पाटीवर अहर्गण, म्हणजे ठरलेल्या दिवसापासून आजवर गेलेल्या दिवसांची संख्या, काढून दाखवला, 11 वर्षांचं एक चक्र, 4016 दिवसांचं, पूर्ण चक्रं बाजूला काढायची आणि उरलेल्या दिवसांचंच गणित करायचं. आकडे इतके लहान का राहतात ते मला तेव्हा कळलं.