रे लेक्सचा ट्रेक एकट्याने कसा करावा

कॅलिफोर्नियातल्या किंग्ज कॅन्यन राष्ट्रीय उद्यानात रे लेक्सची सुमारे ६६ किलोमीटरची वर्तुळाकार वाट आहे. सह्याद्रीत एकट्याने भटकणाऱ्यांनीही इथला फरक आधी ओळखावा. पायथ्याला गाव नाही, मोबाइलला रेंज नाही, वाट विचारायला गुराखी नाही. म्हणून अवघड निर्णय घरीच घेऊन ठेवायचे.

आधी परवाना. उन्हाळ्यात रोज ठरावीक माणसांनाच मुक्कामाचं परमिट मिळतं. ऑनलाइन आरक्षण सहा महिने आधी खुलं होतं. तारीख ऑगस्टअखेर ते मध्य सप्टेंबर अशी धरा. जुलैत डास फार, आणि बर्फ वितळून ओढे फुगलेले असतात. फुगलेल्या ओढ्यात एकट्याने उतरूच नये, असं माझं ठाम मत आहे.

मग खाणं. इथे अस्वलांपासून अन्न राखणारा कडक डबा नेणं सक्तीचं आहे. टूथपेस्ट, सनस्क्रीनसारख्या वासाच्या वस्तूही त्यातच ठेवायच्या, म्हणून जागा लवकर संपते. चिवडा नको, तो डबा भरून टाकतो आणि पोट भरत नाही. चिक्की, डिंकाचे लाडू, उपम्याचं तयार पीठ घ्या. कच्चे डाळ-तांदूळ टाळा. तेवढ्या उंचीवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, शिजायला वेळ लागतो आणि गॅस संपतो. १०,००० फुटांच्या (सुमारे ३,०५० मीटर) वर शेकोटीला बंदी आहे, त्यामुळे सगळी भिस्त स्टोव्हवर. रात्री डबा तंबूपासून लांब ठेवा.

वाट घड्याळाच्या दिशेने करा, चार-पाच दिवसांत. रोड्स एंड या सुरुवातीच्या ठिकाणापासून (उंची सुमारे १,५३५ मीटर) पॅराडाइज व्हॅलीमार्गे चढ हळूहळू येतो आणि शरीराला विरळ हवेची सवय होते. निघण्याआधी रेंजरना ओढ्यांची आणि पुलांची स्थिती विचारा. वुड्स क्रीकच्या झुलत्या पुलावर एका वेळी एकच माणूस. पुढे डॉलर लेक, ॲरोहेड लेक, आणि मग फिन डोम या सुळक्याच्या पायाशी रे लेक्स. इथे घाई करू नका, दुपारीच पोहोचून पाण्याकाठी बसा. तंबू मात्र पाण्यापासून ३० मीटर दूर.

दुसऱ्या दिवशी ग्लेन पास, ३,६५० मीटर. उन्हाळ्यात दुपारी विजांचं वादळ उठू शकतं, म्हणून पहाटे निघून दुपारच्या आत खिंड ओलांडा. डोकेदुखीसोबत मळमळ किंवा तोल जाणं सुरू झालं, तर वर न जाता खाली उतरायचं. हे कागदावर लिहून खिशात ठेवा, कारण विरळ हवेत आपणच आपल्याशी हुज्जत घालतो. सोबत माणूस असता तर त्याने थांबवलं असतं.

घरच्या एका माणसाकडे मुक्कामांची यादी आणि 'या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर उद्यानाला कळवा' अशी वेळ देऊन जा. उपग्रह संदेशयंत्र असेल तर रोज संध्याकाळी निरोप धाडा. बब्ज क्रीकने उतरून रोड्स एंडला आलात तरी फोन लागत नाही, बरंच अंतर गाडी चालवावी लागते. ती वेळ ठरवताना हे तासही धरा.