सोलं, बर्फ आणि लायो: वेर्ण्यात शिकलेलं काम

मे महिना सरत आला की आमच्या फोंड्याच्या घरी अंगणभर भिरंडांची, म्हणजे कोकमांची, सोलं वाळत पडायची. पाऊस लागायच्या आत पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायचा, म्हणून आजीची लगबग चालायची. ताज्या भिरंडाची साल वाळली की आक्रसते, काळी आणि चिवट होते. असं का होतं, हा प्रश्न गोवा विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी. होईपर्यंत मला पडला नव्हता. तो पडला वेर्णा औद्योगिक वसाहतीतल्या एका इंजेक्शनच्या कारखान्यात, लायोफिलायझरसमोर उभी असताना.

लायोफिलायझर, कारखान्यातल्या भाषेत ‘लायो’, हेही वाळवणाचंच यंत्र. फक्त इथे पाणी द्रवातून आटत नाही. उन्हात वाळताना आटणारं पाणी पेशींच्या भिंती एकमेकींकडे ओढून घेतं, म्हणून सोल आक्रसतं. लायोत औषधाचं द्रावण काचेच्या कुप्यांत, म्हणजे व्हायलमध्ये, आधी गोठवतात आणि मग निर्वात करतात. सुमारे ६.१ मिलिबारच्या खाली पाणी द्रवरूपात राहूच शकत नाही, त्यामुळे बर्फाची थेट वाफ होते. बर्फाची जागा मोकळी राहते आणि औषधाचा जाळीदार ‘केक’ होता तसा उभा राहतो. वापरताना पाणी घातलं की तो पटकन विरघळतो.

हे तंत्र सगळीकडे का नाही? कारण ते महाग आणि संथ आहे. एक बॅच दोन-तीन दिवस सहज घेते. साध्या गोळीसाठी कुणी एवढी वीज जाळणार नाही. पण उष्णता सोसत नाहीत आणि पाण्यात टिकतही नाहीत अशा लसी, काही प्रतिजैविकं आणि प्रथिनं यांना दुसरा चांगला मार्ग क्वचितच असतो. दुसऱ्या महायुद्धात रक्तद्रव आघाडीवर पोहोचवायची गरज पडली, तेव्हा हे तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरात आलं. रसायन उद्योगातल्या अशा इतर खास तंत्रांचंही तसंच. वापर थोड्याच ठिकाणी, पण तिथे ते नसेल तर उत्पादन अडतं.

माझी चूक सांगते, कारण मी त्यातूनच सर्वांत जास्त शिकले. दुसऱ्या वर्षी माझ्याकडे साखर असलेल्या एका द्रावणाची चाचणी बॅच होती. उत्पादनाचं तापमान एका अंशाने वाढलं तर मुख्य वाळवणीचा, म्हणजे बर्फाची वाफ होण्याच्या टप्प्याचा, वेळ साधारण १३ टक्क्यांनी कमी होतो, असं मी वाचलं होतं. वेळ वाचवायच्या नादात मी शेल्फचं, म्हणजे व्हायल ज्यावर ठेवतात त्या फळीचं, तापमान लवकर चढवलं. साखरेचं द्रावण गोठलं की बर्फाच्या मधे साखरेचा काचेसारखा कडक भाग उरतो; तो उणे ३२ अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो. त्या तापमानाला बर्फाचा बाष्पदाब जेमतेम ०.३ मिलिबार असतो, म्हणून चेंबरचा दाब त्याहून बराच खाली, ०.१ च्या आसपास ठेवतात. मी दाब बरोबर ठेवला होता, तापमान नाही. दार उघडलं तेव्हा निम्म्या व्हायलमध्ये केक तळाशी गोळा होऊन चिकटला होता. आजीच्या सोलांसारखाच.

आमचे सीनियर ऑपरेटर, ज्यांना सगळे काका म्हणत, रागावले नाहीत. त्यांनी जुन्या बॅचचे चार्ट काढून टेबलावर पसरले आणि पिरानी गेज या दाबमापकाची रेघ दाखवली. पाण्याची वाफ असेपर्यंत पिरानी गेज खऱ्या दाबापेक्षा सुमारे ६० टक्के जास्त दाखवतं. दुसऱ्या दाबमापकाला, कपॅसिटन्स गेजला, वायू कोणता याने फरक पडत नाही. दोन्ही रेघा एकमेकींना येऊन मिळाल्या की चेंबरमध्ये वाफ उरली नाही, म्हणजे बर्फ संपला. “घड्याळाकडे बघू नकोस पोरी, या दोन रेघांकडे बघ,” ते म्हणाले. चार्ट वाचायला मी त्या दिवशी शिकले.

गोव्यात काम करणाऱ्यांना आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे पावसाळा. एका जुलैत आमच्या केकमधला ओलावा मर्यादेबाहेर जायला लागला. पंधरा दिवस आम्ही यंत्रालाच दोष देत होतो. शेवटी सापडलं ते भलतंच: वाफेवर निर्जंतुक केलेली रबरी बुचं पुरेशी वाळत नव्हती आणि त्यांच्यातलं पाणी साठवणुकीत केक शोषून घेत होता. प्रयोगशाळेतही कार्ल फिशर चाचणीसाठी, म्हणजे ओलावा मोजण्यासाठी, व्हायल उघडून नमुना तोलला की हवेतली ओल आत शिरते. तेव्हापासून आम्ही बूच न काढता सुईने मिथेनॉल आत सोडतो आणि त्यात उतरलेलं पाणी मोजतो.

या वाटेने येणाऱ्यांना मी खरं तेच सांगते. गोव्यात अशा जागा मोजक्या आहेत. नोकरी बदलायची वेळ आली तर हैदराबाद किंवा अहमदाबादची तयारी ठेवावी लागते; घरच्यांशी हे आधीच बोललेलं बरं. पण ज्याला सायकल, म्हणजे कधी किती तापमान आणि दाब ठेवायचा याचं वेळापत्रक, आखता येते, त्याला तिथे कुणी नवखा समजत नाही. नुसती बटणं दाबता येणाऱ्याला मात्र दुसऱ्या कंपनीचं यंत्र समोर आलं की परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

म्हणून मुलाखतीत पगाराइतक्याच नेटाने विचारा: सायकल इथेच आखतात की मुख्यालयातून तयार येते? गोठलेलं द्रावण कोणत्या तापमानाला मऊ पडतं ते दाखवणारं डीएससी यंत्र आहे का, आणि ते नव्या माणसाला हाताळू देतात का? बिघडलेल्या बॅचची चौकशी कोण करतं? रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात जुन्या बॅचचे चार्ट बघायची परवानगी मागा, आणि चांगल्या बॅचपेक्षा बिघडलेल्या बॅचचे आधी बघा.