रांधपाची कविता लिहायला बसताना

लहानपणच्या खाण्यावर कविता लिहू पाहणारी मुलं मला वह्या दाखवायला आणतात. बहुतेक वह्यांत पहिल्याच ओळीत ‘आजीच्या हातची चव’ भेटते, आणि पुढे कवितेला जायला वाटच उरत नाही. चव शब्दांत धरवत नाही. हात काय करतात, ते मात्र लिहिता येतं.

श्रावणात हळदीची पानं हातभर झाली की आमच्या गोव्यातल्या फोंड्यात घरोघर पातोळ्या होतात. त्यांच्यावर लिहिताना मी ‘गोड’, ‘सुवास’, ‘माया’ हे शब्द बाजूला ठेवले आणि आईशेजारी जाऊन बसले. भिजवून वाटलेले तांदूळ ती पानावर बोटांनी पसरते, इतके पातळ की खालची शीर दिसावी. मध्ये गूळ-खोबऱ्याचं चून. पान मधल्या शिरेवर दुमडून वाफेला लावायचं. निवल्यावर पान सोललं की त्याच्या बारीक शिरा पातोळीवर जशाच्या तशा उमटलेल्या असतात. इतक्या वर्षांच्या खाण्यात हे कधी लक्षात राहिलं नव्हतं. माझी कविता त्या शिरांवरच उभी राहिली.

तेव्हा लिहिण्याआधी तो पदार्थ स्वतः करा, निदान होताना पाहा. बांगड्याच्या हुमणात, म्हणजे माशांच्या कढीत, तिरफळं कधी पडतात, झालं हे रांधणारीला कशावरून कळतं, हे तिलाच विचारा. तिच्या उत्तरांतल्या ओळी अनेकदा आपल्यापेक्षा सरस निघतात.

‘वारसा’, ‘संस्कृती’ हे शब्द कवितेत आणायची गरज नसते, ते ताटात असतंच. आपल्या हुमणाला लाल करणारी मिरची पोर्तुगिजांच्या जहाजांतून आली. 1736 साली इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, फर्मान काढून ख्रिस्ती झालेल्या गोंयकारांच्या ज्या चालीरीतींवर बंदी घातली, त्यांत हिंदूंसारखा मीठ न घालता भात शिजवणंही होतं. भाताच्या टोपापर्यंत सत्ता पोचली होती! तरी 15 ऑगस्टला, सायबिणीच्या म्हणजे मेरीमातेच्या फेस्ताला (सणाला), ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे हळदीच्या पानातल्या पातोळ्या आजही होतात. यावर भाष्य करत बसू नका. दोन घरांतली दोन पानं शेजारी ठेवा, वाचणाऱ्याला कळतं.

माटोळीवर, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर बांधतात त्या रानफळांच्या मांडणीवर, लिहिणारे हटकून यादी करतात: नारळ, सुपारीचा घड, तवशी, आंबाडे, कांगलं. नावं सुंदर आहेत, मोह होतोच. पण एकच फळ निवडा आणि ते कोणी, कुठल्या रानातून, किती पावसात आणलं ते लिहा.

लयीसाठी लांब जायला नको. आपल्याकडे दळता-कांडताना बायका ओव्या गात आल्या, म्हणजे रांधप आणि कविता एकाच ओसरीवर वाढल्या. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड. जात्याच्या फेऱ्याला सोयीची ही चाल खाण्याच्या कवितेलाही फार छान बसते. मुक्तछंदात लिहिणार असाल तरी आधी चार ओव्या रचून पाहाच, श्वास कुठे तोडायचा ते आपोआप कळू लागतं.

कविता झाली की रांधणारीला वाचून दाखवा. कृतीचा क्रम चुकला असेल तर ती तिथेच थांबवेल. आणि छापायची घाई करू नका. पुढच्या हंगामात तो पदार्थ पुन्हा होईल, तेव्हा त्याच्याशी ताडून पाहा आणि मगच दिवाळी अंकाला पाठवा.