सर्व्हर रूमचं वीजबिल कमी करताना या चुका टाळा

सर्व्हर रूम तापली की हात आधी एसीच्या सेटिंगकडे जातो. २२ चे १८ अंश होतात, बिल वाढतं आणि तापणारा रॅक (सर्व्हर बसवायचं कपाट) तसाच तापत राहतो. बहुतेक ठिकाणी थंड हवा कमी नसते, ती भलतीकडेच जात असते. म्हणून आधी फटी बुजवा, मग पंख्यांचा वेग उतरवा आणि तापमान सगळ्यांत शेवटी वाढवा. हा क्रम उलटा केला की खोली तापते आणि दोनच दिवसांत सगळं पूर्ववत करावं लागतं.

भिंतीवरच्या थर्मामीटरवर विसंबणं

ॲश्रे या अमेरिकी संस्थेची १८ ते २७ अंश सेल्सिअसची शिफारस सर्व्हरमध्ये शिरणाऱ्या हवेसाठी आहे, खोलीच्या सरासरीसाठी नाही. प्रत्येक रांगेतल्या निदान दोन रॅकच्या पुढच्या दारावर तळाशी, मध्यावर आणि माथ्याशी सेन्सर लावा. तळाशी १९ आणि माथ्याशी २८ दिसले, तर मागची गरम हवा वरून वळसा घालून पुढे येते आहे. सेटिंग कितीही उतरवलं तरी हा वळसा थांबत नाही.

रॅकमधल्या फटी तशाच सोडणं

४२ यूच्या (यू म्हणजे रॅकची उंची मोजायचं एकक) रॅकमध्ये २० यूच भरलेले असतील, तर उरलेल्या जागेतून गरम हवा पुढे झिरपते. तिथे ब्लँकिंग पॅनेल, म्हणजे रिकामी जागा झाकणाऱ्या पट्ट्या, लावा. प्लास्टिकची पॅनेल नुसत्या हाताने बसतात, सर्व्हर बंद करावे लागत नाहीत. उंच फरशीखालून थंड हवा येत असेल तर केबलच्या भोकांना ब्रशची झाकणं बसवा. गरम रांगेत, म्हणजे सर्व्हरची गरम हवा बाहेर पडते त्या मागच्या बाजूला, काम करताना उकडतं म्हणून कुणीतरी छिद्रांची टाइल तिकडे सरकवतं आणि ती तिथेच राहून जाते. ती परत थंड रांगेत, म्हणजे रॅकच्या पुढच्या बाजूला, आणा.

नेटवर्क स्विचकडे तर सहसा कुणाचं लक्षच जात नाही. केबल सोयीच्या पडाव्यात म्हणून त्याचे पोर्ट रॅकच्या मागच्या बाजूला ठेवतात. पोर्टच्या बाजूने हवा ओढणारं मॉडेल असेल, तर तो दिवसभर गरम हवाच ओढतो आणि एका स्विचपायी सगळी खोली थंड ठेवावी लागते. उलट दिशेचे पंखे मिळत असतील तर ते बसवा, पण त्यासोबत पॉवर सप्लायही त्याच दिशेचे घ्या.

जादा एसी बंद ठेवून बाकीचे पूर्ण वेगाने चालवणं

पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. वेग ८० टक्के केला तर वीज साधारण ५१ टक्केच लागते. दोन एसी पूर्ण वेगाने जेवढी हवा देतात, तेवढीच तीन एसी ६७ टक्के वेगाने देतात आणि पंख्यांची वीज निम्म्याहून कमी होते. मात्र हा हिशेब वेग बदलता येणाऱ्या पंख्यांचा. एकाच वेगाचे पंखे असतील तर जादा एसी बंदच बरा. कॉम्प्रेसरवाल्या एसीत कंपनीने दिलेल्या किमान वेगाच्या खाली जाऊ नका, कॉइलवर बर्फ धरतो.

आर्द्रता प्रत्येक एसीवर वेगळी ठरवणं

एक एसी हवेत ओल सोडतो आणि शेजारचा तीच काढून टाकतो, असं वर्षानुवर्षं चालू राहतं. सगळ्या एसींना एकच दवबिंदू (हवेतली ओल ज्या तापमानाला पाणी होऊ लागते तो) द्या, सापेक्ष आर्द्रता नको.

तापमान एका झटक्यात वाढवणं

आठवड्याला एकच अंश वाढवा. साधारण २५ अंशांनंतर बऱ्याच सर्व्हरचे आतले पंखे जोरात फिरू लागतात, एसीची बचत तिथे खर्ची पडते. इमारतीच्या मुख्य मीटरवरचा आकडा घटायचा थांबला की थांबा.

फक्त पीयूईवर यश मोजणं

पीयूई म्हणजे एकूण वीज भागिले संगणकांची वीज. संगणक १०० किलोवॉट आणि एकूण १८० असेल तर पीयूई १.८. निरुपयोगी सर्व्हर बंद केल्यावर संगणक ८० आणि एकूण १५० झालं, तर ३० किलोवॉट वाचले, तरी पीयूई १.८८ होतो. आकडा बिघडला म्हणून चांगलं काम थांबवू नका, किलोवॉट-तास मोजा.

असे निरुपयोगी सर्व्हर शोधायला महिनाभराचा सीपीयूचा आणि नेटवर्कचा वापर काढा. संशयिताची आधी फक्त नेटवर्क केबल काढा आणि महिनाअखेरची कामं, बॅकअप उरकेपर्यंत थांबा. तक्रार आली नाही तर वीज तोडा, सर्व्हर रॅकमधून काढा आणि मोकळ्या जागेवर त्याच दिवशी ब्लँकिंग पॅनेल लावा.