‘निर्दोष सुटला’ लिहिण्यापूर्वी : या चुका टाळा

इंदूरच्या जिल्हा न्यायालयातला हिंदी आदेश समोर ठेवून मराठीत मजकूर लिहिणारा बहुधा एकाच ठिकाणी घसरतो : ‘उन्मोचित’ दिसो की ‘दोषमुक्त’, तो दोन्हींसाठी ‘निर्दोष सुटका’ लिहून मोकळा होतो. बोलताना तर आपण इंदूरकर हिंदीच्या वळणाने ‘बरी झाला’ (म्हणजे निर्दोष सुटला) म्हणतो, आणि पुण्याचा पाहुणा कोण आजारी होते म्हणून विचारतो.

आदेशातला ‘उन्मोचित’ म्हणजे मराठी वृत्तपत्रांतला ‘आरोपमुक्त’. पोलिसांनी सादर केलेल्या कागदपत्रांवरून आरोप निश्चित करण्याइतकाही आधार नाही, असे न्यायालयाला वाटले की आरोपी खटला उभा राहण्यापूर्वीच सुटतो, मात्र पुढे नवा पुरावा हाती आल्यास त्याच्यावर पुन्हा कारवाई होऊ शकते. दोषमुक्ती, म्हणजेच निर्दोष मुक्तता, आरोप निश्चित झाल्यानंतरची असते. तिच्याविरुद्ध अपील करता येते, पण ती कायम असेपर्यंत त्याच गुन्ह्यासाठी दुसरा खटला चालवता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३३७ मध्ये, आरोपमुक्ती ही या संरक्षणापुरती दोषमुक्ती नव्हे, असे स्पष्टच म्हटले आहे. सरकारी वकिलाने न्यायालयाच्या संमतीने खटला मागे घेतला तरी हाच भेद उरतो : आरोप निश्चितीपूर्वी घेतला तर आरोपमुक्ती, नंतर घेतला तर दोषमुक्ती. म्हणून शब्द निवडण्याआधी प्रकरण कोणत्या टप्प्यावर संपले, ते आदेशात पाहावे.

‘संशयाचा फायदा’ मिळून सुटलेल्याला ‘अर्धवट सुटलेला’ ठरवणेही चूकच, कारण कायद्याच्या दृष्टीने तीही दोषमुक्तीच आहे. सरकारी नोकरीत मात्र ‘सन्मानपूर्वक’ मुक्तता वेगळी धरली जाते आणि विभागीय चौकशी स्वतंत्रपणे चालू राहू शकते. त्यामुळे आदेशात नसताना ‘सन्मानपूर्वक’ हे विशेषण उत्साहाच्या भरात जोडू नये.

माफी या सर्वांपासून दूरची आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७२ नुसार राष्ट्रपती किंवा १६१ नुसार राज्यपाल माफी देतात ती दोषी ठरलेल्याला. माफीचा साक्षीदार तर स्वतःच गुन्ह्यातला साथीदार असतो आणि त्याने सत्य दडवल्यास त्याच्यावरही खटला चालू शकतो. जामिनावर सुटलेल्याबाबत निकालच लागलेला नसतो. राहिली ‘क्लीन चिट’ : ती कायद्याची संज्ञा नाही, आणि पोलिसांचा तसा अहवाल नाकारून पुढील तपासाचा आदेश देण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना असतो.