हनोईच्या संग्रहालयाची तालीम कमाटीबागेत

अहमदाबादहून हनोईला थेट विमान सुरू झाल्यापासून आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातून दर दिवाळीला दोन-चार कुटुंबं तरी व्हिएतनामला जातात. आल्यावर फोटो दाखवतात ते 'हा लाँग' उपसागरातल्या होड्यांचे, नाहीतर दोन दगडी दिसणाऱ्या हातांवर पेललेल्या त्या सोनेरी पुलाचे. इतिहासाचं राष्ट्रीय संग्रहालय पाहिलंत का, असं विचारलं की उत्तर येतं, "गेलो होतो हो, पाऊण तास. भांडीच भांडी." भांडी आहेत हे खरंच. पण काही न ठरवता आत शिरलं की कुठलंही संग्रहालय भांड्यांचं दुकानच वाटतं, आपलं कमाटीबागेतलंसुद्धा. आम्ही दोनदा गेलो. पहिल्या खेपेला त्या पाऊण तासवाल्यांत आम्हीही होतो. दुसऱ्या खेपेला निघण्याआधी जे केलं, ते यंदा जाणाऱ्यांसाठी लिहून ठेवते.

आधी कागदपत्रं, कारण त्यात चूक झाली तर पुढचं सगळं वाचून उपयोग नाही. ई-व्हिसा तिथल्या सरकारी संकेतस्थळावरच काढा. एका प्रवेशाचे 25 डॉलर लागतात आणि अर्ज नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं घाला. आपल्याकडे पहिल्या नावाला चिकटून वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं, ते गाळायचा मोह होतो. माझ्या जावेनं गाळलं आणि पुन्हा 25 डॉलर भरले. अर्जात कुठल्या विमानतळावर उतरणार हेही विचारतात. हनोईचा विमानतळ नोइ बाइ. आलेल्या व्हिसाची छापील प्रत दोन ठिकाणी ठेवा, आणि पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरली आहे ना, ते आजच बघा.

मग दिवस ठरवायचा. इकडून जाणारं विमान बहुधा रात्रीचं, त्यांचं घड्याळ आपल्यापुढं दीड तास, म्हणजे पहिल्या दिवशी सगळे अर्धवट झोपेत. तो दिवस होआन कीएम तळ्याभोवती फिरण्यात घालवा. संग्रहालय दुसऱ्या दिवशी सकाळी, उघडल्या उघडल्या. दुपारी तिथं जेवणाची सुट्टी असते: बाराला दारं बंद, दीडला पुन्हा उघडतात. हे दारावरच्या पाटीवर स्वच्छ लिहिलेलं असतं आणि आम्ही ते बारा वाजायला वीस मिनिटं असताना वाचलं. आमचा पाऊण तास झाला तो असा, खरं तर पाऊणही नाही. आठवड्याची सुट्टी सोमवारी असते, तरी निघायच्या आदल्या आठवड्यात वेळा संकेतस्थळावर पाहून घ्या. जानेवारी-फेब्रुवारीत त्यांचं नवं वर्ष, तेत, येतं. त्या आठवड्यात काही ठरवूच नका.

टॅक्सीवाल्याला नुसतं "हिस्टरी म्युझियम" म्हणू नका. हनोईत लष्करी इतिहासाचं वेगळं संग्रहालय आहे, ते आता शहराच्या पश्चिमेला लांब गेलंय. आपल्याला हवं ते ऑपेरा हाउसच्या मागं, त्रांग तिएन रस्त्यावर. त्याचं व्हिएतनामी नाव 'बाओ तांग लिच सू क्वोक झा'. हे मी कितीही घोकलं तरी एकाही चालकाला कळलं नाही, कारण त्या भाषेत सूर चुकला की शब्दच बदलतो. नावाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि दाखवा.

आता खरी तयारी, जी इथं बडोद्यातच करायची. आत शेकडो वस्तू आहेत. त्यातल्या तीन घरूनच ठरवून जा. आमच्या तीन सांगते, तुमच्या वेगळ्या असू शकतात.

पहिली, न्गोक लूचा काशाचा ढोल. 1893 साली सापडलेला, दोंग सन संस्कृतीतला, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुना. व्यास 79 सेंटीमीटर, आपल्या घरच्या मोठ्या पराती एवढा म्हणा. मधोमध चौदा टोकांचा तारा आणि त्याभोवती वर्तुळामागून वर्तुळं: लांब चोचीचे पक्षी, हरणं, डोक्याला पिसं खोवून नाचणारी माणसं. लोक काचेसमोर उभे राहून कडेचा फोटो काढतात. नक्षी वरच्या तबकडीवर आहे, म्हणून तिचं रेखाचित्र घरी छापून घ्या आणि मुलांच्या हातात द्या. माझ्या भाच्यानं पक्षी मोजायला घेतले आणि वीस मिनिटं तिथून हलला नाही.

दुसरी वस्तू बघायला सर्वांत सामान्य. लाकडाचे जुने, काळे पडलेले खांब, टोकं तासलेली. पहिल्या खेपेला मी त्यांना चक्क कुंपणाचं लाकूड समजून पुढं गेले होते. ते बाख दांग नदीतले आहेत. 1288 साली कुब्लाई खानाच्या फौजेचं आरमार त्या नदीतून माघारी निघालं होतं. त्रान हुंग दाओ या सेनापतीनं पात्रात असे खांब रोवून ठेवले होते. भरतीला ते पाण्याखाली. त्याच्या हलक्या होड्या पुढं आल्या, लढल्यासारखं केलं, पळाल्या. मोठी जहाजं पाठलागावर निघाली, तेवढ्यात ओहोटी लागली आणि ती खांबांवर चढून अडकली. हीच युक्ती याच नदीत 938 साली न्गो क्वेननं चिनी आरमारावर वापरली होती, आणि त्या विजयानं हजारेक वर्षांचा चिनी अंमल संपला. आपल्याकडचं कोणीही हे ऐकून लगेच गनिमी कावा म्हणतं. मला ते अर्धंच पटतं. इथं खरं शस्त्र घड्याळ होतं: पाणी किती वाजता उतरणार हे ज्याला ठाऊक, तो जिंकला.

आणि हे समजायला बडोदेकराला पुस्तक लागत नाही. जंबुसरच्या पुढं कावी-कंबोईला जाऊन या. भरतीला स्तंभेश्वराचं देऊळ खंबातच्या आखातात पार बुडतं, आणि काही तासांनी त्याच जागी लोक चिखल तुडवत पिंडीपर्यंत जातात. मुलांना तिथं काठावर उभं करा, पाणी कसं सरकतं ते बघू द्या, आणि मग बाख दांगची गोष्ट सांगा. हनोईत ते खांब दिसले की ती स्वतः तुम्हाला समजावतील.

तिसरी वस्तू आपल्या जवळची आहे म्हणून तिच्याबद्दल जरा जपून. वो कान्ह गावात 1885 साली सापडलेला शिलालेख: संस्कृतातला, आग्नेय आशियातला सर्वांत जुना संस्कृत लेख म्हणून ओळखला जाणारा. त्यात श्रीमार या राजाच्या कुळाचा उल्लेख आहे. दुसऱ्या ते चौथ्या शतकातला, असं अभ्यासक वेगवेगळं सांगतात. संस्कृत म्हटल्यावर आमच्या सासूबाई चष्मा पुसून पुढं सरसावल्या आणि हिरमुसल्या, कारण लिपी दक्षिणेकडच्या ब्राह्मी वळणाची, आणि दगड झिजलेला. देवनागरीची अपेक्षा ठेवू नका. चंपा, म्हणजे चाम लोकांचं जुनं राज्य, त्याच्या दालनात शिव भेटतो, तिथं ओळख पटते. पण "बघा, हे सगळं आपलंच" असं मोठ्यानं म्हणत फिरू नका. चामांनी घडवलेला शिव चामांचा आहे. नाक, ओठ, दागिने बघा, लगेच कळतं.

या तिन्हींसाठी एक तालीम हवी आणि ती फुकटात जमण्यासारखी आहे, म्हणजे रिक्षाभाडं आणि तिकीट सोडून. एका रविवारी सगळ्यांनी कमाटीबागेतल्या संग्रहालयात जायचं. शाळेच्या सहलीनंतर आपण तिथं गेलेलो नसतो. देवमाशाचा सांगाडा आणि ममी एवढंच आठवतं. सयाजीराव महाराजांनी उभं केलेलं हे संग्रहालय, इमारत 1894 सालची. या वेळी देवमाशाला लांबूनच नमस्कार करून सरळ अकोट्याच्या कांस्यमूर्तींकडं जा. स्टेडियमसाठी आपल्याला माहीत असलेल्या त्याच अकोट्यात 1951 साली हा जैन मूर्तींचा साठा मिळाला. त्यातल्या चामरधारिणीपुढं दहा मिनिटं उभं राहायचं, घड्याळ लावून. पहिल्या तीन मिनिटांत कंटाळा येतो. पाचव्या मिनिटाला तिच्या कमरेचं वळण दिसतं, मग वस्त्राची चुणी. दहा मिनिटं एका वस्तूपुढं उभं राहायची ही सवय लागली की हनोईच्या ढोलासाठी डोळे तयार झाले समजा. शिवाय घरातला कोण किती वेळ चालू शकतो, कोणाला दर अर्ध्या तासाला बसायला लागतं, हेही इथंच कळतं. आमच्या सासूबाईंचे गुडघे दीड तासाचे आहेत, हे आम्हाला कमाटीबागेत समजलं. त्यामुळं हनोईत दोन मजले दोन टप्प्यांत केले, मध्ये अंगणातल्या झाडाखाली बसलो.

बसल्या जागेवरून इमारतही बघण्यासारखी आहे. फ्रेंच राजवटीत अर्नेस्ट एब्रारनं 1926 ते 1932 या काळात बांधली, अष्टकोनी मनोरा आणि उतरत्या दुहेरी छपरांची. युरोपीय आराखड्यावर स्थानिक साज चढवायचा हा खेळ आपल्याला नवा नाही. वास्तुकार चिझमनं बडोदा कॉलेजच्या घुमटात तेच केलं. 1958 पासून व्हिएतनामनं इथं स्वतःच्या इतिहासाचं संग्रहालय मांडलं. फ्रेंचांविरुद्धच्या लढ्यापासूनचा पुढचा काळ रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या इमारतीत आहे. एका दिवसात दोन्ही करायचा हट्ट धरू नका.

पाट्या वाचायला थोडा अभ्यास लागतो. इंग्रजी आहे, पण त्रोटक. शतकं रोमन आकड्यांत लिहितात, म्हणून एक ते वीसपर्यंतचे रोमन आकडे मुलांकडून पाठ करून घ्या. आपलेही विसरलेले असतात. आकड्याआधी 'थे की' म्हणजे शतक, आणि आकड्यानंतर टी-सी-एन अशी तीन अक्षरं दिसली की इसवी सनापूर्वीचं. राजघराणी चारच लक्षात ठेवा: ली 1009 पासून, त्रान 1225 पासून, ले 1428 पासून, न्गुयेन 1802 ते 1945. बाकीची मधे येतात-जातात.

पैशांचा हिशेब सोपा, नोटा मात्र फसव्या. एका रुपयाला ढोबळ तीनशे डाँग. तिकीट हजारांत ऐकून दचकू नका; आम्ही दिलं ते माणशी दीडशे रुपयांच्या आत बसलं. वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट दोन्ही निळ्या आणि प्लास्टिकच्या, घाईत सारख्याच वाटतात. पाच लाखांच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.

थेपले आणि चिवडा न्यालच, ते सांगायला नको, पण दालनात पिशवी उघडू नका. शाकाहारी जेवणाला तिथं 'चाय' म्हणतात. चहा मिळेल या आशेनं आत शिरू नका. न विचारता घेतलं तर भाजीतही माशाचं पाणी असतं. तिथले बरेच लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला शाकाहारी जेवतात, म्हणजे आपल्या दिवाळीच्या पाडव्याच्या आसपास पोचलात तर पंगत बरी मिळेल. डिसेंबर-जानेवारीत जाणाऱ्यांनी स्वेटर घ्यावा. हनोईचा हिवाळा आपल्यापेक्षा ओला आणि बोचरा असतो.

पिशवीत शेवटी: पेन नको, पेन्सिल आणि कोऱ्या कागदांची छोटी वही, ढोलाच्या तबकडीचं चित्र, माणशी एक, सासूबाईंसाठी घडीची काठी. आणि रोमन आकड्यांची चिठ्ठी पासपोर्टच्या कव्हरात खोचा, नाहीतर ती हॉटेलवरच राहते. आमची राहिली होती.